डिंक्या, तुरीचा मर आणि एक कायटिनेज: नागपुरातील एका प्रकल्पाचे प्रकरण

काटोलकडची एक विद्यार्थिनी नागपुरातल्या आमच्या महाविद्यालयात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय घेऊन आली तेव्हा तिचा सगळा आराखडा ठरलेला होता. मातीतून कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारे एन्झाइम, बनवणारा जिवाणू वेगळा करायचा, त्याचे एन्झाइम गोळा करायचे आणि ते संत्र्याच्या खोडावर डिंक्या या रोगाविरुद्ध वापरून पाहायचे. घरी संत्र्याची बाग, बऱ्याच झाडांच्या बुंध्यातून डिंक गळत होता. वडिलांनी तिला सांगून पाठवले होते, ‘मॅडमले इचारून पाय, डिंक्यावर काही निघते का म्हणा तुमच्या कॉलेजात.’

मी तिची मार्गदर्शक. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण मातीतून एन्झाइम काढण्याचे प्रकल्प आपल्याकडे पुष्कळ होतात आणि त्यांतले फार थोडे ‘हे काम खरोखर याच एन्झाइमने केले का’ या प्रश्नापर्यंत पोहोचतात. या मुलीचा प्रकल्प तिथवर गेला. वाटेत प्रत्येक टप्प्यावर एक सोपे, चुकीचे उत्तर समोर उभे होते, आणि ते तिने दर वेळी तपासून बाजूला सारले.

आधी लक्ष्य

कायटिन म्हणजे एन-ॲसिटाइल ग्लुकोसामीन या साखरेचे रेणू बीटा १-४ बंधाने ओळीने जोडून झालेली लांब साखळी. बांधणी सेल्युलोजसारखीच, फक्त प्रत्येक कडीवर एका हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजन असलेला गट. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ब्राकोनो यांनी १८११ साली ते अळंब्यांतून वेगळे केले, तर १८२३ साली ओगुस्त ओडिए यांनी भुंग्यांच्या पंखकवचातून काढून त्याला कायटिन हे नाव दिले. झिंगे-खेकड्यांची टरफले, कीटकांचे बाह्यकवच आणि खऱ्या बुरशींची पेशीभित्तिका या तिन्हींत ते असते. म्हणून कायटिन तोडणारे एन्झाइम बुरशीविरुद्ध चालेल, हा विचार मुळात बरोबर आहे.

पण डिंक्या फायटोप्थोरामुळे होतो. फायटोप्थोराला सगळेच बुरशी म्हणतात, सूक्ष्मदर्शकाखाली धागेही बुरशीसारखेच दिसतात. कुळ मात्र वेगळे. ती ऊमायसीट गटातली आहे आणि तिचे जवळचे नातलग म्हणजे तपकिरी शैवाले आणि डायटम ही एकपेशीय शैवाले. तिची भित्तिका मुख्यतः बीटा-ग्लुकन आणि सेल्युलोजची असते. कायटिन जवळजवळ नसतेच. जगातले सर्वोत्तम कायटिनेज त्या खोडावर लावले तरी त्याला तोडायला तिथे काही सापडणार नाही.

हे तिला सांगितले तेव्हा ती गप्प झाली. घरच्या बागेसाठी घेतलेला विषय आणि पहिल्याच बैठकीत बाग बाहेर. तरी हा धक्का प्रयोगशाळेत एक माती चाळण्याआधी बसला, हे मला फार मोलाचे वाटते. कुठलेही एन्झाइम शोधायला निघण्याआधी, ज्याच्यावर ते चालवायचे त्याची भित्तिका कशाची बनली आहे हे पाहिलेच पाहिजे. बागेसाठी जे माहीत आहे ते तिला लिहून दिले: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला लावायची, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करायचे, नवी लागवड करताना कलमाचा डोळा जमिनीपासून चांगला वर असलेली रोपे घ्यायची. भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर बाकी सगळे उपाय तोकडे पडतात, हेही.

लक्ष्य बदलून तुरीच्या मरावर, म्हणजे उभे झाड वाळवणाऱ्या रोगावर, आणले. तो फ्युजॅरियम उडममुळे होतो. ही खरी बुरशी आहे, भित्तिकेत कायटिन आहे, आणि कपाशीच्या पट्ट्यांमध्ये तूर घेणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हा रोग चांगला ओळखीचा आहे. मेलेल्या झाडाचे खोड उभे चिरले की आत काळपट तपकिरी रेघा दिसतात. त्याच रेघांमधून आम्ही बुरशी वेगळी केली.

माती आणि पहिली प्लेट

नमुने तीन ठिकाणचे घेतले: संत्र्याखालची पालापाचोळ्याची माती, कपाशी-तुरीच्या शेतातली काळी माती आणि मासळी बाजारामागे झिंग्यांची टरफले पडतात तिथली माती. तिसऱ्या ठिकाणावर माझी जास्त आशा होती. जिथे कायटिन सतत पडते तिथे ते खाणारे जिवाणू वाढलेले असणारच. शेतातल्या मातीचा थोडा भाग वेगळ्या कुंडीत ठेवून त्यात टरफलाची भुकटी मिसळली आणि ओलावा राखला, म्हणजे कायटिन खाणाऱ्यांची संख्या आपोआप वाढावी. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त, जिवाणू कणांना घट्ट धरून बसतात. म्हणून नुसत्या सलाइनऐवजी सोडियम पायरोफॉस्फेटच्या पातळ द्रावणात माती हलवली.

पहिल्या प्लेटा घरी केलेली टरफलाची भुकटी मिसळलेल्या धूसर माध्यमाच्या ओतल्या. वाढ लवकर यावी म्हणून माध्यमात थोडा ग्लुकोज होता. काही दिवसांतच जिवाणूंच्या दोन कॉलन्यांभोवती सुंदर स्वच्छ झोन, म्हणजे पारदर्शक गोल जागा, आले आणि प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला.

तिने पुढे जे केले त्याचे मला खरे कौतुक आहे. उरलेल्या भुकटीवर तिने पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. भुकटी फसफसली. म्हणजे टरफलातला कॅल्शियम कार्बोनेट पुरता निघालेला नव्हता. ग्लुकोज खाऊन आम्ल सोडणारा कुठलाही सामान्य जिवाणू तो खडू विरघळवून असाच झोन देऊ शकतो. प्लेटवर दिसणारी पारदर्शक गोल जागा एवढेच सांगते की तिथली धूसरता गेली. ती कोणी घालवली हे सांगत नाही.

मग टरफले नव्याने साफ केली. फसफस पूर्ण थांबेपर्यंत १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, धुणे, नंतर प्रथिने काढण्यासाठी गरम १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, पुन्हा धुणे, रंग जावा म्हणून शेवटी अल्कोहोल. त्या भुकटीचे कोलॉइडल, म्हणजे फुगवून पाण्यात बारीक विखुरलेले, कायटिन केले: सांद्र हायड्रोक्लोरिक आम्लात बर्फावर सावकाश मिसळायचे, रात्रभर थंडीत ठेवायचे, मग ढवळत ढवळत बर्फाच्या पाण्यात ओतायचे आणि पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धूत राहायचे. हे काम फ्यूम हूडमध्येच करावे. नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फाची हयगय करू नये, कारण आम्ल गरम झाले की साखळ्या प्रमाणाबाहेर तुटतात आणि हाती येते ते कायटिन फार बारीक तुकड्यांचे असते. धुण्याचा कंटाळा येतो, पण आम्लाचा अंश राहिला तर पुढचे प्रत्येक रीडिंग बिघडते.

नव्या माध्यमातून ग्लुकोज काढून टाकला, आणि यालाही दोन कारणे होती. एक म्हणजे आम्ल. दुसरे जास्त महत्त्वाचे: सोपी साखर हाताशी असली की बहुतेक जिवाणू कायटिनेज बनवण्याची तसदी घेत नाहीत. कायटिन समोर असेल आणि दुसरे खाद्य नसेल तेव्हाच ती जनुके जोमाने चालतात. कायटिनमध्ये वजनाने सुमारे ७ टक्के नायट्रोजन असल्याने कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही त्यातूनच मिळतात. वर फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि लेशमात्र लोह-जस्त-मँगनीज दिले की पुरते. या प्लेटांवर झोन उशिरा आले आणि लहानही आले. आधीच्या दोन ‘विजेत्यां’पैकी एकाचा झोन दिसेनासा झाला.

मोठा झोन की योग्य जिवाणू

सर्वांत मोठा झोन मासळी बाजाराच्या मातीतल्या एका लाल कॉलनीचा होता. तो रंग पाहताच सेराशिया मार्सेसेन्स आठवतो. कायटिनेजच्या अभ्यासातला हा सर्वांत गाजलेला जिवाणू. त्याची कायटिनेज ए, बी आणि सी ही एन्झाइमे जगभर अभ्यासली गेली आहेत. पण तोच जिवाणू रुग्णालयांत अशक्त रुग्णांना संसर्ग करतो. पुढेमागे जे शेतात, बियाण्यावर, शेतकऱ्याच्या उघड्या हातात जाणार, त्यासाठी तो निवडणे मला पटेना. तिलाही पटले, पण जड मनाने. झोन खरोखर देखणा होता.

काळ्या मातीतल्या कुंडीतून आलेला बीजाणू बनवणारा बॅसिलस निवडला. झोन मध्यम, पण वाढ भरवशाची. बीजाणू उन्हात तग धरतात, ही इथे मोठी गोष्ट आहे. जिवाणू ओळखण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या १६ एस आरएनए जनुकाच्या क्रमावरून तो बॅसिलस लायकेनिफॉर्मिसच्या जवळ बसला. बॅसिलस म्हटले की निर्धोक असे समजण्याची पद्धत पडली आहे, ती सोडायला हवी. बॅसिलस सेरियस अन्नातून विषबाधा करतो, आणि सेरियस, थुरिंजिएन्सिस व अँथ्रॅसिस या तिघांना १६ एस वरून नीट वेगळे करता येत नाही. आपला जिवाणू त्या गटाच्या आसपास पडला असता तर आणखी जनुके वाचल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकले नसते.

रीडिंग कमी, झोन चांगला

फ्लास्कमध्ये ०.५ टक्के कोलॉइडल कायटिन, ३० अंश सेल्सिअस, शेकरवर. रोज नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्यायचा आणि कायटिनवर ठेवून सुटलेली साखर मोजायची. एका मिनिटात १ मायक्रोमोल एन-ॲसिटाइल ग्लुकोसामीन सोडणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट.

आपल्या प्रयोगशाळांत साखर मोजायची म्हटले की हात आपोआप डीएनएस या रंग देणाऱ्या अभिकर्मकाच्या बाटलीकडे जातो. ती १९५९ ची मिलर पद्धत ग्लुकोजसाठी उत्तम, पण एन-ॲसिटाइल ग्लुकोसामीनचा रंग तिच्यात फिका येतो. म्हणून डीएमएबी (डायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइड) या अभिकर्मकाची पद्धत घेतली: बोरेटबरोबर ३ मिनिटे उकळायचे, अभिकर्मक घालून ३७ अंशांवर २० मिनिटे ठेवायचे आणि ५८५ नॅनोमीटरवर वाचायचे. ही पद्धत याच साखरेला निवडून ओळखते.

आणि रीडिंग आले अगदीच कमी. प्लेटवर चांगला झोन देणारा जिवाणू फ्लास्कमध्ये काहीच करत नाही, असे दिसू लागले. माध्यम बदलू, तापमान बदलू, दुसरा जिवाणू घेऊ, अशा सूचना सगळीकडून आल्या.

कायटिन तोडणे हे एकाचे काम नसते. एंडोकायटिनेज साखळी मधूनच कुठेही कापते. दुसऱ्या प्रकारची एन्झाइमे टोकाकडून दोन-दोन कड्या काढत जातात. त्या जोडीला कायटोबायोज म्हणतात. या जोडीचे दोन तुकडे करून सुटी साखर देते ते तिसरे एन्झाइम, एन-ॲसिटाइल ग्लुकोसामिनिडेज. डीएमएबीला चांगला रंग येतो तो सुट्या साखरेमुळे; जोडीचा रंग फार कमी. जिवाणू साखळी जोमाने कापत असेल पण शेवटचे एन्झाइम बाहेर सोडत नसेल, तर भरपूर काम होऊनही डीएमएबीचे रीडिंग खालीच राहणार. कित्येक जिवाणू ही जोडी पेशीच्या आत घेऊन तिथेच फोडतात.

तिने तोच नमुना फेरीसायनाइड पद्धतीने मोजला. ती पद्धत साखळीचे प्रत्येक नवे क्षपणकारी टोक मोजते, मग तुकडा एका कडीचा असो की पाच. रीडिंग लगेच वर आले. खात्रीसाठी तीन रंगजनक पदार्थ वापरले, ज्यांत पॅरा-नायट्रोफिनॉलला अनुक्रमे एक, दोन आणि तीन साखरेच्या कड्या जोडलेल्या असतात. पिवळा रंग दोन कड्यांच्या पदार्थावर सर्वांत गडद आला आणि एका कडीच्या पदार्थावर जवळजवळ आलाच नाही. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवरही मुख्य ठिपका कायटोबायोजच्या जागीच. जिवाणूत काही कमी नव्हते. आपण जे मोजत होतो ते त्याने तयारच केले नव्हते.

इथे ब्लँकबद्दल, म्हणजे वजा करायच्या तुलनेच्या नमुन्यांबद्दल, थोडे, कारण बहुतेक आकडे इथेच बिघडतात. कोलॉइडल कायटिनला स्वतःची क्षपणकारी टोके असतात, म्हणून एन्झाइमशिवायचे कायटिन वेगळे मोजावे लागते. फ्लास्कमधल्या द्रवात आधीच सुटलेली साखर असते, म्हणून कायटिनशिवायचे एन्झाइमही वेगळे मोजायचे. तिसरा ब्लँक उकळलेल्या एन्झाइमचा. तिन्ही नसतील तर कच्च्या द्रवाचा आकडा वहीत लिहू नये, असे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगते.

शुद्धीकरण

अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली बसवली, डायलिसिस केले (पातळ पडद्याच्या पिशवीतून क्षार आणि लहान रेणू बाहेर जाऊ दिले) आणि शेवटी कायटिनच्याच साहाय्याने एन्झाइम पकडले: थंडीत ते कायटिनला चिकटते, बाकीची प्रथिने धुऊन जातात, मग सौम्य आम्ल द्रावणाने सोडवून लगेच पीएच पूर्ववत करायचा. शुद्धीकरणाच्या तक्त्याला विद्यार्थी घाबरतात, पण हिशेब साधा आहे. समजा ५०० मिलि कच्च्या द्रवात मिलिमागे ०.४ युनिट आणि ०.८ मिलिग्रॅम प्रथिन आहे. एकूण २०० युनिट, ४०० मिलिग्रॅम, विशिष्ट क्रिया (एक मिलिग्रॅम प्रथिनामागे युनिट) ०.५. सल्फेटनंतर २५ मिलित मिलिमागे ५ युनिट आणि २ मिलिग्रॅम उरले, तर एकूण १२५ युनिट, ५० मिलिग्रॅम, विशिष्ट क्रिया २.५. म्हणजे शुद्धता पाचपट आणि हाती उरलेले एन्झाइम ६२.५ टक्के. पुढच्या एखाद्या पायरीला एकूण युनिट आधीपेक्षा वाढलेले दिसले तर आनंद मानण्याआधी पाहावे की कच्च्या द्रवात एन्झाइमला अडवणारे काही होते का, की मोजणीच चुकली.

जेलमध्ये ग्लायकॉल कायटिन मिसळून झायमोग्राम केला, म्हणजे विलग केलेल्या प्रथिनांपैकी कायटिन कोण तोडते ते जेलमध्येच पाहिले. प्रथिने विलग झाल्यावर प्रथिनांची घडी उलगडणारे एसडीएस ट्रायटनने काढून एन्झाइमला पुन्हा घडी घालू द्यायची, मग कॅल्कोफ्लोर हा कायटिनला चिकटून चमकणारा रंग लावून अतिनील प्रकाशात पाहायचे. सगळे जेल उजळते आणि जिथे कायटिन तुटले तिथे काळी पट्टी दिसते. आमच्या जेलमध्ये दोन पट्ट्या आल्या. एकाच जिवाणूची एकाहून अधिक कायटिनेजे असणे नेहमीचे आहे. कधी एकाच एन्झाइमचे टोक प्रोटिएजने (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने) खाल्ल्यामुळेही दोन पट्ट्या येतात. या दोन शक्यतांमधली निवड अजून झालेली नाही, आणि अहवालात ते तसेच लिहिले आहे.

एक निरीक्षण मला विशेष रोचक वाटले. शुद्ध केल्यावर कोलॉइडल कायटिनवरचे काम उत्तम राहिले, पण न फुगवलेल्या टरफलाच्या भुकटीवरचे मंदावले. टरफलातले कायटिन स्फटिकासारखे घट्ट रचलेले असते. २०१० साली सेराशियाच्या सीबीपी-२१ या प्रथिनाबाबत दाखवले गेले की ते अशा घट्ट कायटिनची साखळी ऑक्सिडीकरणाने कापते आणि कायटिनेजला वाट मोकळी करून देते. या गटातली एन्झाइमे तांब्यावर चालतात आणि त्यांना ॲस्कॉर्बिक आम्लासारखा क्षपणकारी साथीदार लागतो. आमच्या शुद्धीकरणात असा एखादा सहकारी धुऊन गेला असणे शक्य आहे. कच्च्या द्रवाचे धुवन परत मिसळून आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून पाहणे हा तिने स्वतःच सुचवलेला पुढचा प्रयोग आहे.

गुणधर्म कोणासाठी मोजायचे

तापमानाचा आलेख, पीएचचा आलेख, धातूंचा तक्ता हे प्रत्येक अहवालात असतात आणि बहुधा कोणाच्याच उपयोगाचे नसतात. आम्ही उलटे सुरू केले: हे एन्झाइम नागपूरच्या आसपासच्या शेतात जाणार असेल तर त्याला काय सोसावे लागेल?

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. म्हणून ‘इष्टतम तापमान’ हा आकडा पुरेसा नव्हता. तो प्रयोगाच्या कालावधीवर ठरतो. पंधरा मिनिटांच्या प्रयोगात ५५ अंशांवर सर्वाधिक काम करणारे एन्झाइम त्याच तापमानाला दोन तासांत मरूही शकते. तिने एन्झाइम कायटिनशिवाय ४५ अंशांवर ठेवून ठरावीक वेळाने नमुने काढले आणि उरलेली क्रिया नेहमीच्या तापमानाला मोजली. द्रव स्वरूपात ते फार काळ टिकत नाही, हे त्यातून उघड झाले. हा आलेख अहवालातला सर्वांत निराशाजनक आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी आलेख आहे.

काळ्या मातीचा पीएच साधारण ७.५ ते ८.५ असतो. एन्झाइमची सर्वाधिक क्रिया किंचित आम्ल बाजूला आली, म्हणून पीएच ८ ला किती उरते हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला. ते निम्म्याहून जास्त उरले. वेगवेगळे बफर वापरताना दोन बफरांचे पीएच एका ठिकाणी तरी एकमेकांवर यायला हवेत, नाहीतर बफरचा परिणाम पीएचचा म्हणून वाचला जातो. शिवाय कायटिन मिसळल्यानंतर मिश्रणाचा पीएच पुन्हा मोजायचा.

धातूंमध्ये तांबे मुद्दाम घेतले. मोरचूद, बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड ही आपल्या शेतातली रोजची औषधे आहेत. तांब्याच्या आयनांनी क्रिया स्पष्ट घटली. एकाच पिकावर दोन्ही वापरायचे म्हटले तर वेळ आणि जागा वेगळी ठेवावी लागेल.

केएम आणि व्हीमॅक्स (एन्झाइमची पदार्थाशी जवळीक आणि कमाल वेग सांगणारे आकडे) हेही काढले, पण त्यांवर मी फार भर देऊ दिला नाही. न विरघळणाऱ्या कायटिनवर एन्झाइम फक्त पृष्ठभागावर काम करते. कोलॉइडल कायटिनची बॅच बदलली की आकडा बदलतो. प्रत्येक बॅचचे कोरडे वजन नोंदवले असेल तरच त्या आकड्याला अर्थ.

फ्युजॅरियम कोणी रोखले

कच्चा द्रव जिवाणू उरू नयेत म्हणून ०.२२ मायक्रोमीटर फिल्टरमधून गाळला आणि फ्युजॅरियमच्या प्लेटवर लावला. बुरशी ठळकपणे अडली. प्रकल्प इथे संपवता आला असता: कायटिनेज आहे, बुरशी थांबते, फोटो छान आहे.

पण हाच द्रव उकळून लावला तरी बुरशी बऱ्यापैकी अडली. कायटिनेज उकळल्यावर मरते. डीएमएबी आणि फेरीसायनाइडने तपासला तेव्हा तोच उकळलेला नमुना निष्क्रिय होता. मग बुरशी कोणी रोखली? बॅसिलस गटातले पुष्कळ जिवाणू लिपोपेप्टाइडे बनवतात. ते लहान, उष्णतेला न भिणारे रेणू बुरशीच्या पेशीपटलाला भोके पाडतात. साधारण १ किलोडाल्टनचे असल्याने ते डायलिसिसच्या पिशवीतून निघून जातील असे वाटते, पण ते एकत्र येऊन मोठे पुंजके बनवतात आणि पिशवीतच अडकून राहू शकतात. म्हणून नुसते ‘डायलिसिस केले’ हे उत्तर चालत नाही.

शेवटी पाच नमुने शेजारी शेजारी ठेवले: कच्चा द्रव, उकळलेला कच्चा द्रव, कायटिनवर पकडून शुद्ध केलेले एन्झाइम, तेच शुद्ध एन्झाइम उकळून, आणि नुसता बफर. शुद्ध एन्झाइमने बुरशीची चकती प्लेटवर फारशी अडली नाही. बीजाणू रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा मात्र फरक दिसला: कोवळ्या धाग्यांची टोके फुगली होती, काही फुटलेली होती, आणि रुजणे मागे पडले होते. उकळलेल्या शुद्ध एन्झाइमात आणि बफरात असे काही नव्हते. हा परिणाम निःसंशय एन्झाइमचा.

टोकेच का? वाढत्या टोकाशी कायटिन नुकतेच विणले जात असते आणि उघडे असते. मागच्या जुन्या भित्तिकेत ते ग्लुकन आणि प्रथिनांच्या थराखाली झाकले जाते, तिथे कायटिनेजला एकट्याने पोहोचता येत नाही. बीटा-१,३-ग्लुकनेज सोबत लागते. वनस्पतीसुद्धा स्वतःच्या संरक्षणासाठी ही दोन्ही एन्झाइमे बरोबरच बनवतात.

अहवालाचा निष्कर्ष त्यामुळे तिने तीन वाक्यांत लिहिला. या जिवाणूचे कायटिनेज फ्युजॅरियमच्या कोवळ्या टोकांना इजा करते. कच्च्या द्रवाची बुरशीरोधक शक्ती मुख्यतः उष्णतारोधक लहान रेणूंची आहे. शेतातल्या परिणामाबद्दल या प्रयोगांवरून काही सांगता येत नाही. परीक्षकांनी विचारले, ‘मग शीर्षकात कायटिनेज कशाला?’ ती म्हणाली, ‘सर, शोध त्याचाच घेतला, आणि सापडलेलं सगळं लिहिलं.’ मला त्या उत्तराचा अभिमान वाटला.

पुढे

शुद्ध एन्झाइम बाटलीतून तुरीच्या शेतात टाकणे हा मार्ग आम्ही सोडून दिला आहे. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती प्रथिने घट्ट धरून ठेवते, ४५ अंशांना द्रव टिकत नाही, आणि फ्युजॅरियम झाडाच्या जलवाहिनीत शिरल्यावर बाहेरचे एन्झाइम तिथे पोहोचत नाही. जिवंत जिवाणू बियाण्याला लावणे जास्त पटते: तो मुळाभोवती वाढेल, कायटिनेज आणि लिपोपेप्टाइडे दोन्ही तिथेच आणि सतत सोडेल, आणि बुरशी मुळात शिरण्याआधीच तिला गाठेल. तुरीला आणि हरभऱ्याला ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आपल्याकडे आधीपासून होते, त्यामुळे शेतकऱ्याला पद्धत नवी नाही. तुलना मात्र ट्रायकोडर्माशीच व्हायला हवी, नुसत्या पाण्याशी नको.

कुंडीतला प्रयोग असा ठरला आहे: मर झालेल्या शेतातली माती, मराला लवकर बळी पडणारे तुरीचे वाण, आणि बियाण्याचे चार गट, म्हणजे काहीही न लावलेले, ट्रायकोडर्मा लावलेले, आपला बॅसिलस लावलेले आणि कायटिनेजचे जनुक बंद केलेला तोच बॅसिलस लावलेले. चौथ्या गटाचा जिवाणू तयार करणे सोपे नाही आणि त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. पण तिसऱ्या आणि चौथ्या गटात फरक पडला तरच कायटिनेजचा वाटा किती हे कळेल. परवानगीचा अर्ज तिच्यानंतर आलेल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आहे. मूळ कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर आणि बीजाणूंची कोरडी भुकटी टाल्कमध्ये, अशा दोन्ही रूपांत ठेवले आहे. भुकटीचा एक डबा मुद्दाम पत्र्याच्या खोलीत ठेवला असून मे संपल्यावर त्यातले किती बीजाणू जिवंत आहेत ते मोजायचे आहे.